गिटारचा ॲम्प्लिफायर आणि बासचा खर्ज

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की वाद्यवृंदाच्या तालमींना रंग चढतो. गिटार असते, तिचा ॲम्प्लिफायर असतो. कोणी हौसेने बास गिटारही आणतो, परंतु तिच्यासाठी निराळा ॲम्प्लिफायर बहुधा नसतो. मग प्रश्न उभा राहतो : गिटारच्याच ॲम्प्लिफायरवर बास वाजविली तर चालेल काय? एक म्हणतो, "खुशाल वाजवा", दुसरा म्हणतो, "स्पीकर फाटेल." दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश आहे. तो कोणता, हे समजून घेऊ.

गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ८२ कंपने करते. चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१ करते. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारांहून खर्जाची तार जशी एक सप्तक खाली बोलते, तसेच हे नाते होय.

आता स्पीकरकडे वळू. त्यात एक कागदी शंकू असतो. शंकूच्या बुडाशी तारेचे वेटोळे असते व ते लोहचुंबकाच्या अरुंद फटीत बसविलेले असते. विद्युत्प्रवाह बदलला की वेटोळे मागेपुढे सरकते, शंकू हवेला ढकलतो आणि ध्वनी निर्माण होतो. मुख्य मेख येथेच आहे. स्वर एक सप्तक खाली उतरला आणि हवेवरील दाब तेवढाच राखावयाचा असेल, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. गिटारच्या स्पीकरची घडण इतक्या लांब हालचालीसाठी केलेली नसते. शिवाय गिटारच्या अनेक ॲम्प्लिफायरांची पेटी मागून उघडी असते. त्यामुळे शंकूच्या मागील लाट पुढे येऊन खर्जाचा जोर पुसून टाकते. बंद पेटीतील कोंडलेली हवा शंकूला जो आधार देते, तोही येथे मिळत नाही. खर्ज ऐकू येत नाही म्हणून वादक आवाज वाढवितो आणि नेमका तेथेच घात होतो. वेटोळे मागील लोखंडी तबकडीवर आदळते, शंकू फाटतो किंवा वेटोळे तापून जळते. ॲम्प्लिफायरच्या अंतर्भागास सहसा अपाय होत नाही. बळी जातो तो स्पीकरचा.

ही अडचण वाद्यनिर्मात्यांनी आरंभीच ओळखली होती. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बास' बाजारात आणली आणि लगेच १९५२ साली तिच्यासाठी 'बासमन' हा स्वतंत्र ॲम्प्लिफायर काढला. पुढे गिटारवादकांनीच तो आपलासा केला, ही गंमतच म्हणावयाची! मोठ्या घागरीत तांब्याभर पाणी सहज मावते. तांब्यात घागर मावत नाही.

तरीही वेळ आलीच, तर पुढील पथ्ये पाळावीत :

१. तार जोडण्यापूर्वी आवाजाची कळ शून्यावर आणावी. मग ती हळूहळू, बेताने वाढवावी.

२. 'बास' असे लिहिलेली कळ कमी ठेवावी. आवाज किंचित पातळ वाटेल, पण शंकूवरील ताण हलका होईल.

३. आवाज मुद्दाम फाडणारी 'डिस्टॉर्शन'ची सोय वापरू नये. तार हलक्या बोटाने छेडावी.

४. फडफड, खरखर वा टकटक ऐकू आल्यास तत्क्षणी आवाज उतरवावा. जळका वास आल्यास ॲम्प्लिफायर बंदच करावा.

५. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर जोडल्याविना कधीही चालवू नये आणि कोणत्याही ॲम्प्लिफायरला अर्थिंग असलेलाच तीन पिनांचा प्लग असावा.

खोलीत एकट्याने सराव करण्यास एवढी काळजी पुरेशी आहे. परंतु ड्रमच्या साथीने सभागृहात वाजवावयाचे असेल, तर हा मार्ग सोडावा. बास 'डी. आय. बॉक्स'मधून सभागृहाच्या मिक्सरला जोडावी. तेथील स्पीकर मोठे असल्यास ते खर्जाचा भार पेलतील.

विद्यार्थी मित्रहो, तालमीसाठी आणलेला ॲम्प्लिफायर पुष्कळदा शाळेचा किंवा कोणा स्नेह्याचा असतो. मागून आणलेली वस्तू जशीच्या तशी परत करता यावी, यासाठी तिचे बळ किती आणि मर्यादा कोठे, हे आधी जाणून घेतलेले बरे. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. कान सावध असले आणि हात आवरता आला, म्हणजे पुरे.