आटलेले तळे पडीक नव्हे

बिदरच्या पठारावर पडलेला पाऊस जातो कोठे, हा प्रश्न आपल्यापैकी थोड्यांच्याच मनात येतो. या पठाराचा वरचा थर जांभ्या दगडाचा आहे. तो सच्छिद्र असल्याने पाणी पोटात घेतो. खाली चिकण माती व काळा पाषाण लागला, की ते अडते आणि पठाराच्या कडेस झरा होऊन बाहेर येते. नानक झिरा व नरसिंह झरणी हे त्याच जातीचे झरे होत. पंधराव्या शतकात बहामनी राजवटीत नौबाद येथे भुयार खोदून हेच पाणी वस्तीकडे वळविण्यात आले. त्या करेजच्या हवाविहिरी आजही पाहावयास मिळतात.

कमठाण्यासारख्या गावचा तलावही हेच काम करतो, फक्त उघड्यावर. ओढ्याचे पाणी त्यात थबकते, गाळ तळाशी बसतो आणि पाझर हळूहळू आसपासच्या विहिरींस पोहोचतो. चैत्रात विहिरीच्या तळाशी परसभर पाणी उरते, ते पुष्कळदा अशा पाझराचेच असते.

तथापि वैशाखात तलावाकडे पाहावे, तर भेगाळलेला चिखल, लव्हाळे, पाणकणसे आणि डबक्यात बसलेल्या म्हशी एवढेच दिसते. पाहणारा म्हणतो, जागा फुकट चालली. मग कोणी भराव टाकतो, कोणी कायमचा बांध घालतो, कोणी गावचा केरकचरा तेथे ओततो. ओसरत्या पाण्यामागून हरभरा पेरणे, म्हणजे आपली जुनी गाळपेर, ही गोष्ट निराळी. पाणी परतले, की ती जमीन निमूटपणे पाण्याच्या स्वाधीन होते. भराव मात्र परत देत नाही. तलावाचा उथळ काठ गेला, की गुरांचा उन्हाळी चारा, माशांची अंडी घालण्याची जागा आणि भोयांची कमाई, तिन्ही एकदम जातात.

गाळ काढण्यास आमचा विरोध नाही; उलट तो अवश्य काढावा व शेतात टाकावा. परंतु यंत्र हाताशी आहे म्हणून गाळाखालचा चिकण थर फोडून मुरूम उपसणे, हे भांड्याचे बूड काढण्यासारखे आहे. ओढ्याच्या तोंडाशी असलेली पाणकणसेही राहू द्यावीत. येणारा गाळ तीच अडवितात.

हे सारे केवळ शोभेसाठी नव्हे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. ज्या मांजरा नदीवरील धरण तेव्हा कोरडे पडले होते, तीच नदी पुढे आपल्या बिदर जिल्ह्यात येते.

हवामानाच्या चर्चेत 'पीट' नावाच्या मातीचा उल्लेख वारंवार होतो. पाणथळीत शतकानुशतके अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची ही माती पृथ्वीच्या सुमारे ३ टक्के भूमीवर आहे. पण जगातील सर्व अरण्यांच्या झाडोऱ्यापेक्षा अधिक कर्ब तिच्यात साठलेला आहे. तिच्यातील पाणी काढून टाकले, की तो कर्ब हवेत जातो. इंडोनेशियात १५ साली, म्हणजे २०१५ मध्ये, अशी सुकविलेली जमीन महिनोन्महिने जळत राहिली आणि धूर शेजारच्या देशांत पसरला. आपल्या तलावात असे पीट नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. उथळ पाण्यातून थोडाफार मिथेन वायूही निघतो. आपला लाभ आहे तो विहिरींचा. कमी दिवसांत कोसळून जाणारा पाऊस धरून ठेवण्यास तलावाइतके स्वस्त साधन आम्हांस दुसरे दिसत नाही.

आपल्याच राज्यातील गदग जिल्ह्यातले मागडीचे तळे पाहा. शेतीसाठी बांधलेले हे गावतळे २०२४ च्या जानेवारीत रामसर करारातील आंतरराष्ट्रीय पाणथळींच्या यादीत गेले. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस तेथे उतरतात व भोवतालच्या शेतांत चरतात. शेतकऱ्यांस त्याचा थोडा त्रास होतच असेल!

कर्नाटकात तलावांच्या संरक्षणासाठी २०१४ चा कायदा आहे. त्यानुसार तलावांची मोजणी करून हद्द ठरविणे आणि अतिक्रमण हटविणे हे प्राधिकरणाचे काम होय. ग्रामसभेत आपल्या तलावाच्या मोजणीचा नकाशा मागावा. हद्दीचे दगड मृगापूर्वी, तळ उघडा असतानाच, शोधून घेतलेले बरे. पाणी भरल्यावर ते सापडत नाहीत.