तलाव सजवा, पण पाण्याची वाट बुजवू नका



शहरात तलावाच्या सुशोभीकरणाचं काम निघालं की लँडस्केप आर्किटेक्ट हा शब्द कानावर येतो. बऱ्याच जणांना वाटतं, हा बागा आणि कारंजी करणारा माणूस. पण त्याचं खरं काम वेगळं आहे. पाऊस कुठून वाहत येतो, कुठे थांबतो हे बघून जमिनीचा उतार, माती, झाडं आणि पाणी यांची मांडणी करायची. आता पाऊस थोड्या दिवसांत धो-धो पडतो आणि उन्हाळा वाढतोय. त्यामुळे हे काम शहराच्या गरजेचं झालंय.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. मांडू उंच पठारावर, बारमाही नदी नाही. म्हणून तिथे पावसाचं पाणी तलावांत आणि हौदांत साठवलं. जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये उभा आहे. धारचे मुंज सागर, देवी सागर आपल्याला माहीत आहेतच. जुने लोक तर धारला साडेबारा तलाव होते असं सांगतात.

देवासने उलट बाजूही पाहिली. तिथे बोअरवर बोअर मारले, पाणी खोल गेलं आणि १९९० मध्ये शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पुढे २००६ मध्ये तेव्हाचे कलेक्टर उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत तलाव खोदायला घेतले. त्यांना 'रेवासागर' म्हणतात. असे हजारो तलाव झाले. चीनमध्ये यू कोंगजियान या लँडस्केप आर्किटेक्टने शहरांसाठी हाच विचार मांडला: पाणी पाइपातून पळवू नका, थांबवा आणि जिरवा. २०१५ मध्ये तिथे १६ शहरांत 'स्पंज शहर' म्हणून हे काम सुरू झालं.

यात आपलं काय? नाला बुजला तर तलाव भरत नाही, आणि तेच पाणी वस्तीत शिरतं. काठावर सरसकट सिमेंट केलं तर लहान माशांचा उथळ आसरा जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी राहतो. त्यात गटार मिसळलं की पहाटे मासे तोंड वर काढतात, आणि एका रात्रीत माल मरतो.

म्हणून तलावाचा नकाशा पुढे आला की चार गोष्टी विचारा:

१. पावसाचे सगळे नाले उघडे आहेत का? तोंडाशी गाळ अडवायची सोय आहे का?
२. गटाराचं पाणी वेगळं काढलंय का?
३. सांडवा मोकळा आहे का?
४. निदान काही काठ मातीचा, उतरता ठेवलाय का? देशी झाडं, होडी आणि जाळं उतरवायला जागा आहे का?

पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं याचे फोटो मोबाईलवर काढून ठेवा आणि बैठकीत आणा. नकाशा करणाऱ्याला एका भेटीत जे दिसत नाही, ते आपण रोज बघतो. ते त्याला काम सुरू होण्याआधीच सांगायला हवं.