गाडीची निगा, लेखांक ९ : रिकाम्या पिकअपचे वाजणारे पाटे

पिकअपच्या मागच्या बाजूचा आवाज बहुतेक वेळा गाडी रिकामी असतानाच ऐकू येतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गाड्यांचा दिनक्रमही असा की तो परतीच्या वाटेवरच कानावर पडावा. न्हावरे, पारगाव, केडगाव या पट्ट्यातून भाजीपाला, कांदा, गुळाच्या ढेपा भरून गाडी पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात जाते आणि माल उतरवून रिकामी परतते. जाताना वजनाने पाटे एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात. पाट्याचे टोक चॅसीला जोडणाऱ्या शॅकलवरही सतत ताण असतो, त्यामुळे त्यातली बुश झिजलेली असली तरी बोल्टला हलायला वाव नसतो. वजन उतरले की तो ताण जातो आणि दर खड्ड्याला लोखंड लोखंडावर आपटू लागते. माल भरल्यावर आवाज बंद होतो म्हणून गाडी ठीक आहे, असा निष्कर्ष अनेक चालक काढतात. वास्तविक सांधे ढिले झाल्याची ती पहिली खूण असते.

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त या सगळ्यांच्या मागे अखंड अ‍ॅक्सल आणि दोन्ही बाजूंना कमानपाटे असतात. मुख्य पाट्याचा पुढचा डोळा चॅसीच्या ब्रॅकेटमध्ये पक्का बसवलेला असतो. मागचा डोळा मात्र हलत्या शॅकलला जोडलेला असतो, कारण दाब आला की पाटा सपाट होतो आणि त्याची लांबी किंचित वाढते. पाट्यांचा जुडगा मधोमध सेंटर बोल्टने बांधलेला आणि यू-बोल्टने अ‍ॅक्सलवर आवळलेला असतो. जोडीला शॉकअ‍ॅब्सॉर्बर, आणि अ‍ॅक्सल वर आदळू नये म्हणून रबरी ठोकळा. यांतला कोणताही भाग वाजू शकतो आणि चॅसी तो आवाज लांबवर वाहून नेते. म्हणूनच चालकाच्या पाठीमागे ऐकू येणारा आवाज नेमका कुठला, हे केबिनमध्ये बसून सांगता येत नाही. जागा सापडण्याआधी शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलून टाकणे हा यातला सर्वांत खर्चिक आणि सर्वांत निष्फळ उपाय आहे.

तपासणीची सुरुवात हौद्यापासून करावी. जॅक, टॉमी, साखळ्या काढून ठेवाव्यात, स्टेपनी आवळावी, फाळक्याच्या कड्या आणि हौद्याचे बोल्ट पाहावेत. पुष्कळ आवाज इथेच संपतात. त्यानंतर ओळखीच्या एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने गाडी रिकामी चालवावी. गतिरोधकावरून हळू जाताना करकर झाली तर कोरडे पाटे किंवा सुकलेली रबरी बुश यांवर संशय घ्यावा. बारीक खड्ड्यांवर टकटक झाली तर शॅकलची किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बरची बुश. गाडी उचलताना किंवा ब्रेक दाबताना एकदाच धाडकन आवाज आला तर यू-बोल्ट ढिले असण्याची शक्यता मोठी. पण प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस खराब झाला तरी अगदी असाच आवाज येतो. चाकांना ओट लावून, इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवला की क्रॉसमधला खेळ बोटांना कळतो. खड्ड्यांशी संबंध नसलेली, वेगाबरोबर वाढत जाणारी घूंघूं पाट्यांची नसते. ती चाकाच्या बेअरिंगची किंवा डिफरन्शियलची असते.

पुढची तपासणी गाडी उभी करून. एकाने हौदा वरखाली हलवायचा आणि दुसऱ्याने शॅकलवर, पाट्याच्या डोळ्यावर, शॉकच्या टोकावर एकेक करून हाताचा तळवा टेकवायचा. ठोका कानापेक्षा हाताला अचूक लागतो. बोटे मात्र फटीत जाऊ देऊ नयेत. करकर असेल तर एका वेळी एकाच सांध्यावर पाणी मारावे. ज्या सांध्यावर पाणी पडताच आवाज क्षणभर थांबतो, दोष तिथलाच. शॅकलमध्ये पहार घालून हलके उचकटले की झिजलेली बुश लगेच कळते. डोळ्यांनाही बरेच दिसते : हलत्या सांध्याभोवती तांबूस गंजाची भुकटी जमते, घासणाऱ्या जागी धातू चकाकतो. पुढच्या डोळ्यापासून अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. ते सारखे नसेल तर सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकल्याचा दाट संशय घ्यावा आणि गाडी पुढे चालवू नये. शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र गाडी हलवून तपासता येत नाही, कारण पाट्यांचे आपसातले घर्षणच हेलकावे थांबवते. त्याचे खालचे टोक सोडून तो हाताने ताणावा व दाबावा. मध्येच मोकळा सुटला किंवा अंगावर तेल ओघळलेले दिसले तर तो गेला.

करकर घालवण्यासाठी पाट्यांवर जळके ऑइल मारण्याची पद्धत सर्रास आहे, आणि ती सोडली पाहिजे. भीमा आणि घोडकाठच्या उसाच्या वाटांवर पावसाळ्यात काळा चिखल आणि उन्हाळ्यात धूळ पाट्यांमध्ये शिरते. त्यात तेल मिसळले की पाटे झिजवणारा लगदा तयार होतो, आणि तेलाने रबरी बुश फुगून मऊ पडते. आवाज आठवडाभर जातो, झीज मात्र वाढते. जुडगा उतरवून पाटे तारेच्या ब्रशने घासावेत, टोकांच्या झिजलेल्या चकत्या बदलाव्यात, कंपनीची परवानगी असेल तरच ग्राफाइट ग्रीस लावावे. ग्रीसचे निपल असलेल्या धातूच्या बुशमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे.

हे काम करताना चॅसी भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. नवी रबरी बुश बसवताना बोल्ट आधी फक्त हातघट्ट ठेवावेत. गाडी चाकांवर उतरवून वजन पाट्यांवर आल्यावरच ते पूर्ण आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले तर वजन येताच रबर पिळवटते आणि थोड्याच दिवसांत फाटते. बुश पुन्हापुन्हा जाते अशी तक्रार असेल तर आधी हे तपासावे.

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नये. उष्णतेने स्प्रिंगच्या पोलादाचा कस जातो. यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत. नवे बोल्ट आळीपाळीने, तिरप्या क्रमाने, टॉर्क पान्यावर कंपनीने दिलेल्या मापाने आवळावेत.

जादा माल पेलावा म्हणून एखादा जास्तीचा पाटा घालून घेणे ही अनेकांना दुरुस्तीच वाटते. त्याने रिकामी गाडी अधिक उसळते आणि चॅसीच्या ब्रॅकेटांना तडे जाऊ शकतात. ज्या गाड्यांत मागचा भाग किती दबला यावरून ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे धोका आणखी मोठा. कडक पाट्यांमुळे मागची बाजू कमी दबते, व्हॉल्व्ह भरलेल्या गाडीला हलकी समजतो आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी मिळतो. पाटे बसले असतील तर दोन्ही बाजूंचे मूळ मापाचे जुडगे एकत्र बदलावेत.

दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर रिकामी चालवून पाहावी आणि भरलेल्या पहिल्या एकदोन फेऱ्यांनंतर यू-बोल्ट त्याच मापाने परत आवळावेत, कारण नवे पाटे आणि चकत्या वजनाखाली बसल्या की बोल्ट थोडे ढिले पडतात.