थांबलेली यंत्रे, चालती स्मृती

निवृत्तीनंतर हात रिकामे होतात, परंतु त्या हातांत मुरलेले ज्ञान नाहीसे होत नाही. इंजिनाच्या ठोक्यावरून बिघाड ओळखणारा मिस्त्री, धोट्याच्या लयीशी नजर जुळवलेला विणकर, काहिलीतला रस कधी उतरवायचा हे फेसावरून सांगणारा गुळव्या. कोल्हापूर परिसरातील अनेक घरांत अशी माणसे आज गप्प बसून असतात. त्यांना बोलते करणारा एक अल्पखर्चिक छंद म्हणजे बंद पडलेल्या यंत्रांचे कृष्णधवल छायाचित्रण.

यंत्रांचे आणि कॅमेऱ्याचे गाव

या छंदाला कोल्हापूरसारखे गाव नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली स्थापन केलेल्या शाहू मिलने कित्येक कुटुंबांना पोसले; 2003 साली ती बंद पडली. उद्यमनगरातील जुने लेथ, गुऱ्हाळांवरचे चरक, विहिरीकाठची ऑइल इंजिने, पिठाच्या गिरणीतले पट्टे असे किती तरी विषय जवळच सापडतात. बाबूराव पेंटर यांनी स्वदेशी कॅमेरा घडवला तोही याच गावात. यंत्र आणि छायाचित्र यांचे नाते येथे जुने आहे.

मेंदूला व्यायाम

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधक डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी 60 ते 90 वयोगटातील दोनशेहून अधिक व्यक्तींचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध केला. सुमारे तीन महिने, आठवड्याला साधारण 15 तास, नवे कौशल्य शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती केवळ गप्पागोष्टींत किंवा सोप्या विरंगुळ्यात रमणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. त्या कौशल्यांत डिजिटल छायाचित्रण होते. यामुळे स्मृतिभ्रंश टळतो असा दावा करता येणार नाही. मात्र नवे आणि थोडे अवघड असे काही शिकणे मेंदूला हितकारक ठरते, एवढे निश्चित.

प्रकाश आणि रंगछटा

गंजाचे पापुद्रे, ओतीव लोखंडाची खरखर, तेलाने काळवंडलेली मूठ यांचे सौंदर्य रंग काढून टाकल्यावर अधिक उठून दिसते. दुपारचे कडक ऊन टाळावे. ढगाळ हवेतला मऊ प्रकाश किंवा सकाळचे तिरपे ऊन पोत छान दाखवते. संपूर्ण यंत्र एकदा टिपून मग एखादा दाता, एखादा नट, कारखान्याच्या नावाची पट्टी अशा तपशिलांकडे वळावे.

पुढची गंमत टोनिंगची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चित्राला एखादी छटा देण्याची. पूर्वी हे काम डार्करूममध्ये होई. सेपिया प्रक्रियेत छायाचित्रातील चांदीचे कण सिल्व्हर सल्फाइडमध्ये बदलतात. त्यामुळे तपकिरी छटा येते आणि चित्र अधिक टिकते. लोहक्षारांनी निळी छटा मिळते. मात्र सेपियाच्या काही द्रावणांतून सडक्या अंड्यासारखा वास असलेला घातक वायू सुटतो आणि सेलेनियम विषारी असते. दमेकरी आणि वृद्ध असलेल्या घरात ही रसायने आणूच नयेत. मोबाइलवर हेच प्रयोग बोटाच्या एका स्पर्शाने होतात. एकाच चित्राच्या तीन छटा करून ‘कोणती आवडली आणि का?’ यावर घरात चर्चा रंगू द्यावी.

या चर्चेत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळा रंग फिका वाटू लागतो. नातवाला स्पष्ट दिसणारी निळी छटा आजोबांना राखाडी भासू शकते. विख्यात चित्रकार क्लोद मोने यांच्या चित्रांतील रंगही मोतीबिंदूमुळे बदलले होते. 1923 साली त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. यंत्राची सरळ कड वाकडी किंवा लाटांसारखी दिसू लागली, तर तो डोळ्याच्या पडद्याचा विकार असू शकतो. अशा वेळी विलंब न करता नेत्रतज्ज्ञांना भेटावे.

घराबाहेर पडताना

- जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी. एकट्याने जाऊ नये. पडकी छपरे, उघडे खड्डे आणि गवतातले साप यांपासून दूर राहावे.
- बंद पायांचे बूट घालावेत. मधुमेहींनी परतल्यावर तळपाय तपासावेत.
- धनुर्वाताचे जंतू मुख्यतः मातीत असतात. जखम झाल्यास ती धुऊन डॉक्टरांना दाखवावी. दर 10 वर्षांनी लसीची वर्धक मात्रा घ्यावी लागते, तिचीही चौकशी करावी.
- खाली वाकून छायाचित्र घेतल्यावर चटकन उठू नये. रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. घडीचे स्टूल सोबत असावे.

सोबत करणाऱ्यांसाठी

विस्मरण होऊ लागलेल्या व्यक्तीला छायाचित्र दाखवून ‘हे काय आहे, आठवते का?’ असे विचारू नये. तो प्रश्न परीक्षेसारखा बोचतो आणि उत्तर न आल्यास माणूस अधिकच मिटतो. त्याऐवजी ‘बाबा, हे चाक कसे फिरायचे, हात कुठे धरायचा?’ असे विचारावे. नाव, साल विसरले तरी हातांची सवय पुष्कळदा टिकून असते. ते हवेतच मूठ फिरवून दाखवतील. चुकीची दुरुस्ती करू नये. मिल बंद पडल्याची आठवण दुःखही जागवू शकते. तेव्हा विषय घाईने बदलू नये, हात हातात घेऊन ऐकावे.

निवडक छायाचित्रे मोठ्या आकारात, ठळक काळ्या-पांढऱ्या भेदासह छापून घ्यावीत आणि मागे त्यांनी सांगितलेले दोन शब्द तारखेसह लिहून ठेवावेत. ज्याची आपण रोज काळजी घेतो, तो माणूस त्या थोड्या वेळापुरता आपला शिक्षक होतो. त्याच्या मनःस्वास्थ्यासाठी हा मान औषधाइतकाच मोलाचा आहे.