आधी सावली, मग पाइप: वस्तीच्या थंडाव्याचं गणित

शहराच्या ऊर्जेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर वीजकेंद्रं येतात, तारा येतात. आज आपण दुसऱ्या टोकाने जाऊ. एका वस्तीला मुळात ऊर्जा लागते किती, आणि ते ठरवतं कोण? आमचं म्हणणं असं की त्यातला बराच भाग वास्तुरचनाकाराच्या पहिल्या नकाशातच ठरून जातो.

उदाहरण घेऊ गिफ्ट सिटीचं. अहमदाबाद आणि गांधीनगर यांच्या मध्ये वसवलेल्या या भागात २०१५ साली डिस्ट्रिक्ट कूलिंग सुरू झालं. म्हणजे काय, तर प्रत्येक इमारतीने आपापला चिलर बसवायचा नाही. एका केंद्रात पाणी थंड करायचं आणि जमिनीखालच्या बोगद्यातल्या पाइपांतून इमारतींना पोचवायचं. तिथली उष्णता घेऊन तेच पाणी परत येतं. पहिल्या टप्प्याची क्षमता १०,००० टन. हे टन वजनाचे नव्हेत, बरं का. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषून घेतो, तो हा टन; साधारण साडेतीन किलोवॅट. आपल्या घरातल्या दीड टनाच्या एसीतलाही टन हाच.

यात खरी बचत कुठे होते? समजा, एका भागातल्या कार्यालयांना दुपारी १,००० टन लागतात आणि रात्री १००. शेजारच्या घरांना दुपारी ३०० आणि रात्री ८००. वेगवेगळी यंत्रं बसवली तर १,००० आणि ८०० मिळून १,८०० टनांची. एकत्र बसवली तर दुपारचे १,३०० पुरतात. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण तत्त्व पक्कं आहे: कार्यालयं आणि घरं शेजारी असली तर यंत्र लहान होतं. नुसत्या कार्यालयांच्या भागात हा फायदा बराचसा जातो. म्हणजे जमीनवापराचा नकाशा काढणारा माणूस नकळत चिलरचा आकारही ठरवत असतो!

आता इमारतीकडे वळू. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ५००-६०० वॅट ऊन पडू शकतं. साधी काच त्यातलं बहुतेक आत सोडते. चार चौरस मीटरची खिडकी असेल, तर नुसत्या उन्हासाठी जवळजवळ अर्धा टन एसी गेला. दक्षिणेला छज्जा उपयोगी पडतो, कारण तिकडचा सूर्य वर असतो. पश्चिमेला तो खाली उतरलेला असतो, तिथे छज्ज्यापेक्षा उभ्या पट्ट्या किंवा बाहेरून झडपा हव्यात. पडदा? तोवर ऊन काचेच्या आत आलेलं असतं.

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त निवासी इमारतींसाठी याचं एक मान दिलं आहे: थंड प्रदेश सोडून इतरत्र, भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त नको. पण राज्यांनी स्वीकारल्याशिवाय ती सक्तीची होत नाही.

आणि क्रम चुकला की तो महागात पडतो. इमारती उन्हाला उघड्या ठेवून त्या मागणीवर पाइप आखले, तर यंत्रणा कायमची मोठी होते. अशा योजनांत बिलाचे सहसा दोन भाग असतात, राखून ठेवलेल्या क्षमतेचा आणि प्रत्यक्ष वापराचा. घर महिनाभर बंद ठेवलं तरी पहिला भाग भरावाच लागतो. डेन्मार्कला याचीच दुसरी बाजू दिसली. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७९ मध्ये तिथे उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला आणि नगरपालिकांनी कुठे सामायिक गरम पाणी आणि कुठे गॅस, ते भागवार ठरवलं. आता नवी घरं इतकी कमी उष्णता घेतात, की पाइपांत वाया जाणारी उष्णता त्यामानाने डोळ्यांवर येते. म्हणून पाण्याचं तापमान खाली आणायचे प्रयत्न चालू आहेत.

मग आपल्याकडे सगळीकडे पाइप टाकायचे का? आम्हाला तसं वाटत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या दाट कार्यालयी भागात विचार जरूर व्हावा. पुण्यातल्या गृहसंकुलात मात्र वर्षातले बरेच महिने पंखा आणि समोरासमोरच्या खिडक्या यांवर भागतं. तिथे पाइपांचा खर्च वसूल होणं कठीण. मुंबईच्या पुनर्विकासात सोसायटी कार्पेट एरियावर महिनोन्‌महिने घासाघीस करते. पण शयनगृहाची खिडकी कुठल्या दिशेला उघडते, समोरचा टॉवर किती फुटांवर आहे, हे नकाशा मंजूर व्हायच्या आधी किती जण विचारतात?