हरवलेले दशांशचिन्ह

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या खाटेशेजारी इन्फ्युजन पंप असतो. शिरेतून तासाला किती मिलिलिटर औषध जावे, हे परिचारिका त्यावर आकडे दाबून ठरवते. समजा, तिने १००.१ दाबले. काही पंप शंभरच्या पुढे दशांशचिन्हाची कळ जुमानतच नाहीत, असे संशोधकांना आढळले आहे. पडद्यावर उमटते १००१, आणि तेही कोणत्याही सूचनेविना. म्हणजे औषध दहापट!

कळा दाबण्याचे क्रम असंख्य. प्रत्येक क्रम वापरून पाहणे अशक्य. म्हणून गणिती सिद्धतेचा आधार घेतला जातो. अमेरिकेतील एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेने तयार केलेली ‘पीव्हीएस’ ही संगणकप्रणाली त्यासाठी वापरतात. आधी यंत्राचे वर्तन गणिताच्या भाषेत मांडायचे. मग ‘दाबलेली कळ यंत्राने गुपचूप गाळू नये’ हा नियम सिद्ध होतो का, ते पाहायचे. पुढची पायरी माणूस सुचवतो आणि ती बरोबर आहे की नाही, हे संगणक तपासतो.

अडचण अशी, की या प्रणालीचा पडदा चिन्हांनी भरलेला असतो. तो वाचू शकणाऱ्या अभियंत्याला रात्रपाळीतली धावपळ ठाऊक नसते आणि ती ठाऊक असलेल्या परिचारिकेला तो पडदा वाचता येत नाही.

ही दरी कमी करण्यासाठी ब्रिटनमधील विद्यापीठांतील संशोधकांनी ‘पीव्हीएसआयओ-वेब’ हे साधन विकसित केले. संगणकावर पंपाचे चित्र दिसते. त्यातली कळ दाबली, की मागे गणिती प्रतिकृती चालते आणि चित्रातल्या पडद्यावर आकडा बदलतो. चूक परिचारिकेलाही डोळ्यांनी दिसते. तिला एकही चिन्ह शिकावे लागत नाही.

हाच साधेपणा गणिताच्या अभ्यासातही उपयोगी पडला. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील केविन बझर्ड आणि मोहम्मद पेद्रामफर यांच्या ‘नॅचरल नंबर गेम’मध्ये काय माहीत आहे आणि काय सिद्ध करायचे उरले आहे, एवढेच समोर असते. एक सूचना लिहायची, लगेच परिणाम पाहायचा.

अर्थात, सिद्धता विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. कोणता प्रश्न विचारायचा, हे रुग्णाजवळ उभे राहणाऱ्यांना अधिक कळते. त्यासाठी पडदा त्यांनाही समजायला हवा.

तोवर एक सवय मोलाची: आकडा दाबून झाल्यावर पडद्यावर काय उमटले ते मोठ्याने वाचावे आणि मगच पंप सुरू करावा.