पीएच.डी.नंतरची पायरी

राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले आणि आज ते महात्मा फुल्यांचे नाव धारण करते. त्याच्या पाडेगाव केंद्राने दिलेल्या उसाच्या एका वाणाचे नावही ‘फुले २६५’ असे आहे. हा ऊस तोडायला पाथर्डी-शेवगावकडून टोळ्या निघतात. त्या टोळीतला एखादा पोर उद्या विज्ञानात पीएच.डी. झाला, तर पुढे काय? अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे आपल्या जुन्या नगरातले, तरुण मला हे वारंवार विचारतात, म्हणून हे लिहितो आहे.

पोस्टडॉक्टरल संशोधन ही पदवी नव्हे. पीएच.डी.त आपण मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन शिकतो. त्यानंतरची दोन-तीन वर्षे स्वतःचा प्रश्न घेऊन, बहुधा दुसऱ्याच प्रयोगशाळेत काम करायचे असते. मोठ्या संस्थांत प्राध्यापकाची जागा मिळण्यापूर्वी हा अनुभव आता गृहीतच धरला जातो. आणि नेमक्या याच ठिकाणी आपली शिडी संपते. बार्टीची अधिछात्रवृत्ती पीएच.डी.साठी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. यांपुरतीच आहे.

कायदाही येथे हात आखडता घेतो. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेश-आरक्षणाच्या २००६ च्या कायद्याचे चौथे कलम प्रत्येकाने वाचावे. टाटा मूलभूत संशोधन संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र अशा संस्था त्यातून वगळल्या आहेत. शिवाय पोस्टडॉक्टरल पातळीवरचे जे अभ्यासक्रम सरकार ठरवील, तेही वगळण्याची मुभा आहे. गुणवत्ता वर गेली की आरक्षण खाली उतरले पाहिजे, हे गृहीतक त्यामागे आहे. मला ते मान्य नाही.

मग वाट कोणती? २०१५ पासून विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप देत असे. २०२३ च्या कायद्याने मंडळाचे काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेले. मुदत दोन वर्षांची. मंडळाच्या नियमांत वयाची मर्यादा ३५ होती आणि अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच वर्षांची सवलत होती. मधे नोकरी करून घर चालवणाऱ्याला ही पाच वर्षे फार नाहीत. मुंबईची आयआयटी स्वतःचीही फेलोशिप देते.

पैशाअभावी संशोधन तुटणे आपल्याला नवीन नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून ते १९२० मध्ये पुन्हा गेले, आणि डी.एससी. १९२३ मध्ये मिळाली. मधली वर्षे त्यांनी भरून काढली. प्रत्येकाला ते जमेलच असे नाही.

खरी अडचण मात्र अर्जाच्या आधीची आहे. अर्जासोबत यजमान संस्थेतल्या शास्त्रज्ञाची संमती लागते. ती बरेचदा ओळखीतून मिळते, आणि ओळखी आपल्या घरात नसतात. म्हणून त्या शास्त्रज्ञाचे दोन-तीन निबंध वाचून त्याला थेट पत्र लिहावे. पत्रात गयावया नको. तुमचा प्रश्न काय, तो त्याच्या कामाशी कोठे जुळतो आणि दोन वर्षांत काय करून दाखवाल, एवढे एका पानात मांडावे. उत्तर आले नाही तर दुसऱ्याला लिहावे. पीएच.डी.चा प्रबंध देण्याच्या सहा महिने आधीच हे सुरू करावे. प्रश्न आपल्या शिवारातला असला तरी चालतो. उसाच्या वाणावर पुष्कळ काम झाले आहे. तोडणाऱ्याच्या कोयत्यावर आणि पाठीवर कोण करणार?